खालचा आवाज

लॉण्ड्रीतल्या रोलरमधून चादर बाहेर येते तेव्हा हाताला चटका बसेल इतकी गरम असते. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, लांबीची घडी घालायची, मग एकमेकींकडे चालत जायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, मागे सरायचं, पुन्हा पुढे यायचं. चार घड्या होईपर्यंत दुसरी चादर तोंड बाहेर काढते. तासाला दीडशे चादरी. इस्पितळाच्या वेगळ्या, हॉटेलांच्या वेगळ्या. सकाळी सहा ते दुपारी दोन. ज्याला हे काम हलकं वाटतं त्याने एक दिवस करून बघावं. संध्याकाळी हातात कंगवा धरवत नाही.

या रोलरपाशी दोघी बहिणी सहा वर्षं समोरासमोर उभ्या होत्या. थोरली आधी लागली. धाकटी शाळा संपल्यावर तिच्या मागोमाग आली. दोघींत पाच वर्षांचं अंतर. थोरली उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कंजूष. धाकटी बुटकी, आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मुकादमबाई म्हणायच्या, "मशीनला बंद करायचा खटका आहे. हिचा कुठे बसवलाय देव जाणे."

गाणं तिथेच सुरू झालं. रोलरचा एक घुमणारा सूर असतो, दिवसभर तोच. थोरली त्यात आवाज मिसळून गुणगुणायची. हौस म्हणून नाही, हाताचा वेग बांधला जातो म्हणून. त्यावर धाकटी शब्द जुळवायची, चाल लावायची, जमलं नाही की मोडायची. एका हिवाळ्यात तिने हे जुळवलं:

चादर लांब, हात दोन,
दुसरं टोक धरेल कोण?
एक पाऊल तू पुढे ये,
मधलं अंतर घडीत घे.

चौथ्या ओळीला चाल उंच चढायची. धाकटीचा आवाज पातळ आणि सरळ, तो वर जायचा. थोरली खाली थांबायची. खाली नेमकं काय गायची याकडे धाकटीने कधी लक्ष दिलं नाही. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा जमिनीकडे कुठे बघतो?

तीन वाजता घरी आल्यावर दोघी कपड्यांच्या कपाटात शिरायच्या. आतले कपडे पलंगावर काढून ठेवायचे, मागच्या फळीला गोधडी ठोकायची, दार ओढून घ्यायचं. माईक एकच होता, बंद पडलेल्या एका दुकानातून घेतलेला. धाकटी माईकच्या तोंडाशी आणि थोरली तिच्या डाव्या खांद्यामागे एक पाऊल, कारण तिचा आवाज जड. ते पाऊल खडूने आखून ठेवलं होतं. पाच वाजता इमारतीचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा आणि रेकॉर्डिंगचे तीन तेरा वाजायचे. त्यामुळे दिवसाला दोन तास मिळायचे, त्यातलाही अर्धा तास कपाटातले कपडे काढण्या-लावण्यात जायचा.

आई पहिल्या दिवशी दाराशी येऊन म्हणाली, "कपाटात बसून गाता? शेजारी म्हणतील, मुली ऐकत नाहीत म्हणून कोंडून ठेवल्यात."

"आई, गप. चालू आहे," धाकटी आतून ओरडली.

"चालू होतं," थोरली म्हणाली. "आता पुन्हा."

ते गाणं सतरा वेळा गाऊन झालं. सोळाव्यांदा धाकटीला वाटलं, झालं. थोरली म्हणाली, "तिसऱ्या ओळीला श्वास चोरलास." सतराव्यांदा चोरला नाही. ते ठेवलं. वर धाकटीने गिटार घातली, जेमतेम चार सूर. गाणं इंटरनेटवर चढवलं. गाणाऱ्याचं नाव काय द्यायचं, हा प्रश्न आला. थोरली म्हणाली, "दोघी लिही. दोघीच तर आहोत."

पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस जणांनी ऐकलं. त्यातले पाच-सहा लॉण्ड्रीतलेच. मग कुणी कुणाला पाठवलं कोण जाणे, महिन्याने आकडा हजारावर गेला, आणि एक दिवस दारात एक माणूस उभा राहिला.

त्याची दोन खोल्यांची रेकॉर्डिंगची जागा होती आणि ज्यांच्या मागे कुणी नाही अशा गाणाऱ्यांचे अल्बम तो काढायचा. आवाजांचं मिश्रण करायचा म्हणून सगळे त्याला मिक्सर म्हणत. त्याने दारात हीच ओळख सांगितली. आईने त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावरचा मिक्सर पुढे केला. "बरं झालं आलात. पातं फिरत नाहीये."

त्या माणसाने भांडं उघडलं, आत अडकलेला तुकडा चिमट्याने काढला, पातं फिरवून दाखवलं आणि मग म्हणाला, "मावशी, आता गाण्याचं बोलू का?"

थोरलीची त्या दिवशी दुहेरी पाळी होती. ती घरात नव्हती.

मिक्सर धाकटीला म्हणाला, "गाणं सोनं आहे. पण तो खालचा आवाज सगळं गढूळ करतोय."

"तो माझ्या ताईचा आहे."

"असेल. वेगळा काढून दे, कुठे कमी-जास्त ठेवायचा ते मी बघतो."

"वेगळा नाहीये. एकाच माईकवर गायलो."

मिक्सर हसला. "मग दुधातलं पाणी कसं काढणार? तू एकटी परत गा. काचेच्या खोलीत, नीट. आणि ते जुनं काढून टाक. एकाच गाण्याची दोन तोंडं नकोत. ताई गावोगाव येणार आहे का तुझ्याबरोबर?"

"नाही येणार. तिची पाळी, आईचे गुडघे..."

"मग झालं तर."

धाकटीने ठरवलं, संध्याकाळी ताईला सांगायचं. संध्याकाळी थोरली आली ती बादलीत हात बुडवून बसली. मनगटं सुजली होती. धाकटी मनात म्हणाली, उद्या. त्या उद्याचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी ती काचेच्या खोलीत एकटीने गाऊन आली. नऊ वेळांत झालं. कपाटातल्यापेक्षा आठ कमी. घरी येऊन तिने जुनं गाणं स्वतःच्या बोटाने इंटरनेटवरून काढलं. संगणकावर जागा उरली नव्हती आणि नवीन गाणी साठवायची होती, म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. गाणं तर आहेच, तिने विचार केला, आता आणखी चांगलं आहे.

थोरलीला ते लॉण्ड्रीत कळलं. चहाच्या सुट्टीत एकीने फोनवर लावलं. "अगं, तुमचं गाणं आलं बघ!" सगळ्या जमल्या. शेवटी कुणीतरी विचारलं, "यात तुझा आवाज कुठाय गं?"

थोरलीने गाणं पूर्ण ऐकलं. कप धुवून ठेवला. "रोलर तापलाय. चला."

घरी ती म्हणाली, "ऐकलं."

"कसं वाटलं?"

"स्वच्छ निघालंय."

लॉण्ड्रीत याहून मोठी शाबासकी नसते. पण धाकटी सहा वर्षं तिच्यासमोर उभी होती. शाबासकी देताना थोरली चादरीवरून पालथा हात फिरवते, हे तिला माहीत होतं. आज हात मांडीवरच होते.

"ताई, मिक्सर म्हणाला की..."

"मिक्सर काय म्हणाला ते राहू दे, बुटके. तू काय म्हणालीस?"

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडाचा खटका सापडला होता.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण निस्तरता येतं. थोरली दुसऱ्या दिवशी कामावर गेली, कपडे कपाटात परत लावून टाकले आणि पुन्हा कधी गुणगुणली नाही. निदान धाकटीसमोर नाही. दोन महिन्यांनी धाकटीने लॉण्ड्री सोडली.

पोस्टरवर आता 'दोघी' लिहून चालणार नव्हतं. मिक्सरने नाव विचारलं तेव्हा तिला दुसरं काही सुचलं नाही. 'धाकटी' असं छापलं. लोकांना नाव आवडलं. कोणाची धाकटी, हे चार वर्षांत एकानेही विचारलं नाही.

त्या चार वर्षांचा हिशेब सरळ आहे. दोन अल्बम, बावीस गाणी, शंभरावर कार्यक्रम. कॉफीच्या दुकानात, पुस्तकांच्या दुकानाच्या तळघरात, कॉलेजच्या हॉलमध्ये. कधी समोर चारशे माणसं, कधी अकरा, त्यातला एक झोपलेला. मांडीवर गिटार घेऊन बसचा प्रवास. दुपारी जाऊन माईक तपासायचा, तारा जोडायच्या, टेबलं सरकवायची, कारण मदतीला कुणी नसतं. लोक म्हणतात, गाणं म्हणजे मजा. गाणं तासभर असतं. बाकी दिवसभर ओझं उचलायचं असतं. त्याबद्दल धाकटीची कधी तक्रार नव्हती, ओझ्याची तिला सवय होती. तिच्या गाण्यांत नोकरदार बायका होत्या, भाड्याच्या खोल्या होत्या, बसथांबे होते. लोक तिला चिठ्ठ्या लिहायचे. एका परिचारिकेने लिहिलं, तुझं गाणं ऐकत मी चादरी बदलते. ती चिठ्ठी तिने थोरलीला पाठवायला काढली आणि पुन्हा पाकिटात ठेवली.

अडचण एकच होती, आणि ती फक्त दोघांना माहीत होती. एक ती, दुसरा तिचा गिटारवाला. 'दुसरं टोक', म्हणजे ते चादरीचं गाणं, सुरू व्हायचं ते बिनवाद्याचं. चार ओळी ती एकटी गायची, मग गिटार यायची. पण चौथी ओळ येईतो ती सुटलेली असायची. बेसूर नाही, तर अख्खीच्या अख्खी वर सरकलेली, धागा सुटलेल्या फुग्यासारखी. गिटार आली की दोघांचं जुळायचं नाही.

गिटारवाला हुशार होता. गिटारच्या मानेवर लावून सूर चढवायचा चिमटा तो हातात घेऊन बसायचा. ती कुठे पोचलीय ते कानाने बघायचा आणि चिमटा तिथे लावून वाजवायला घ्यायचा. "बाई, तुम्ही जा कुठे जायचं तिथे," तो म्हणायचा, "मी पत्ता विचारत येतो."

ती हसायची. पण खोलीवर जाऊन तीस-तीस वेळा त्या चार ओळी घासायची. कानात सूर देणारं यंत्र लावून पाहिलं. त्याने जमलं, पण काठी टेकत चालल्यासारखं. मिक्सरने तिच्याच आवाजात खालची ओळ भरली, पुस्तकातल्या नियमाप्रमाणे. वरचा सूर चढला की खालचाही मागोमाग चढायचा. ऐकायला गोड. आधार शून्य. ताई असं करत नव्हती, एवढं तिला कळायचं. ताई काय करत होती, ते कळायचं नाही. डोळे मिटून आठवायला गेलं की स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. कपाटात ती सतरा वेळा स्वतःलाच ऐकत होती.

स्टेजवर उभं राहताना ती माईकपासून उजवीकडे सरकून उभी राहायची. डाव्या खांद्यामागे कुणी उभं राहू शकेल एवढी जागा सोडून. दिवे लावणारे वैतागायचे. "बाई, मधे या." ती मधे यायची आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत पुन्हा सरकलेली असायची.

चौथ्या वर्षी आईचा फोन आला. ताईच्या गळ्यातली गाठ काढली, साधीच होती, आता बरी आहे. "मी येऊ का?" धाकटीने विचारलं. आई म्हणाली, "ती म्हणते, कार्यक्रम मोडून येऊ नकोस." धाकटीने निरोप पाठवला, काळजी घे. उलट निरोप आला, हो. त्यानंतर अकरा कार्यक्रम होते. तिने अकराही केले.

तिसऱ्या अल्बमची बोलणी सुरू झाली तेव्हा ती मिक्सरला म्हणाली, "ते गाणं परत करायचं. ताईबरोबर. एकाच माईकवर."

"गढूळ होईल."

"गढूळच करायचंय."

मिक्सरने डोकं खाजवलं. "कर. खरं सांगू? तेव्हा मला कान होते, अक्कल नव्हती."

धाकटी घरी न जाता थेट लॉण्ड्रीच्या फाटकाशी गेली. दोनची पाळी सुटायची होती. आत डोकावली तर थोरली रोलरपाशी नव्हती, मधल्या वाटेत उभी होती. मुकादम झाली होती. पण ती ओरडत नव्हती. हाताने काम चालवत होती. पंजा वर केला की गाड्या पुढे, मूठ वळली की थांबा, तळवा खाली दाबला की वेग कमी. सगळ्याजणी तिच्या हाताकडे बघून हलत होत्या. धाकटीला कौतुक वाटलं. कारण काय असेल, हे मनात आलं नाही.

पाळी सुटली. दोघी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. धाकटीने रस्ताभर घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. चुकलं, विचारायला हवं होतं, चार वर्षं ते गाणं एकदाही जागेवर बसलं नाही, तू ये, माझ्यामागे उभी राहा.

थोरलीने ऐकून घेतलं. मग बोलली. आवाज म्हणजे नुसता वारा होता, मधे मधे शब्दाची कड.

"हो. विचारायला हवं होतं."

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "सर्दी झालीय?"

"गाठ आवाजाच्या शिरेला चिकटलेली होती. बोलणं परत आलं. एवढंच आलं."

"आई म्हणाली साधी होती!"

"मीच सांगितलं तसं सांगायला. सांगून काय, तुझा गळा कापून मला लावणार होतीस?"

"ताई, एकदा बघ ना. एकच सूर. हळू."

थोरलीने आजूबाजूला पाहिलं. पाळीच्या बायका पांगल्या होत्या. तिने श्वास घेतला, छाती भरली, पाठ सरळ झाली, सगळं शरीर पूर्वीसारखं तयार झालं. तोंडातून हवा आली. एक खरखर, आणि मग नुसती हवा. तिने तोंड मिटलं. "बघितलंस?"

धाकटी रडायला लागली. थोरलीने रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "जुनं रेकॉर्डिंग आहे ना? ते घाल की."

धाकटीचं रडणं थांबलं. "पुसलं मी. तुझ्याकडे?"

"माझ्या फोनवर होतं. तो फोन बादलीत पडला, त्याला दोन वर्षं झाली. मी म्हटलं, तुझ्याकडे असेलच."

समोरून धुतलेल्या कपड्यांची गाडी गेली. एवढ्या मोठ्या जगात, हजार लोकांनी ऐकलेला तो आवाज आता कुठेच नव्हता.

"मग मला शिकव," धाकटी म्हणाली. "तू खाली काय गायचीस ते. मी गाते. वरचं नाही, फक्त खालचं."

"मी कशी शिकवू? गाऊन दाखवता येत नाही."

"हाताने दाखव. चाळीस बायका चालवतेस की."

थोरली पहिल्यांदा हसली. हसणं शाबूत होतं.

धाकटीने बारा दिवस मुक्काम केला. रोज तीन ते पाच. थोरली पलंगावर बसायची, डावा तळवा हवेत आडवा धरायची. तो तळवा म्हणजे सूर. धाकटीने तिथे गायचं. पहिले चार दिवस तिला नुसतं एका सुरावर उभंही राहता येईना. चाल वर जायची तिथे तिचा आवाज सवयीने उचलला जायचा.

"खाली," थोरली हवेच्या आवाजात म्हणायची. "वर बघू नकोस. वर जायचं ते दुसरीचं काम आहे."

"पण दुसरी कुठाय?"

"तेच मी चार वर्षं विचारत होते. गा."

सातव्या दिवशी तळवा आणि सूर एका ठिकाणी आले. पहिल्या दोन ओळी एकाच सुरावर, बोटभरही हालचाल नाही. तिसऱ्या ओळीला अर्धं बोट खाली. किती साधं होतं, आणि किती कष्टाचं. सगळं वर चाललेलं असताना खाली जायचं. धाकटीच्या पोटाचे स्नायू दुखायला लागले. थोरली हे रोज आठ तास चादरी ओढता ओढता करत होती, तेही नाव कुठे छापून येणार नाही हे माहीत असून.

बाराव्या दिवशी त्यांनी घरीच तीन ओळी रेकॉर्ड केल्या. चौथीला थोरलीने मान हलवली.

"नाही. असं नव्हतं. मी तिथे थांबत नव्हते."

"मग? आणखी खाली?"

"नाही."

"वर?"

थोरलीने हात उचलला. तळवा थोडा खाली गेला, थांबला, वर आला, पुन्हा थांबला. तिने डोळे मिटले. ओठ हलले, श्वास आला-गेला. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि निघून गेलं. हात हवेत तसाच होता. बोटं किंचित मागे-पुढे सरकत होती, जसं काही तिथेच कुठेतरी ते आहे, आणखी जरासं चाचपलं की लागेल.

"गळ्याला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "मला नाही."

"आठवेल. उद्या बघू. मी थांबते आणखी."

"नाही आठवणार, बुटके. मी रोज बघते."

रोज. धाकटीला तो शब्द उशिरा लागला. म्हणजे ही रोज इथे बसून हात हवेत धरत होती. आपण येण्याच्या आधीपासून.

"मिक्सरची ती पुस्तकातली ओळ घालू का तिथे?"

"नको. खोटं नको." थोरलीने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने मनगट चोळलं. "तिथे काही घालू नकोस."

तिसऱ्या अल्बममध्ये ते गाणं शेवटून दुसरं आहे. एकच आवाज, खालचा. वरची चाल त्यात नाही, गिटार नाही. तीन ओळी होतात आणि चौथीच्या जागी साडेसात सेकंद काहीच नाही, फक्त खोलीतली हवा आणि दोघींचे श्वास. मग पुढचं कडवं.

मिक्सरने काचेपलीकडून ते तीनदा लावून पाहिलं. यंत्र तपासलं, तार काढून पुन्हा जोडली. मग कानावरचे हेडफोन उतरवून आत आला.

"इथे काही राहिलंय का?"

"हो," धाकटी म्हणाली. "तसंच जाऊ दे."